साठ पौंड दिले आणि आवाज एकही नाही: ऑस्टिओपॅथीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी इंग्लंडमध्ये रेडिंगच्या आसपास फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी करते. हे प्रकरण मात्र माझ्या रुग्णाचं नाही. यात मी फक्त दुभाषी होते आणि तिथेच चुकले, म्हणून लिहून ठेवते आहे. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना कुसुमकाकू म्हणू. वय ६४, मिरजेकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. लेक माझी मैत्रीण. आल्यापासून अकराव्या दिवशी चौदा महिन्यांच्या नातवाला कॉटमधून उचलताना काकूंच्या कंबरेत उजवीकडे चमक निघाली. त्यांच्या शब्दांत, उसण भरली.

लहानपणी गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. जन्मताना आधी पाय बाहेर आलेला तो पायाळू. त्याने पाठीवर लाथ मारली की उसण जाते, असा समज. काकूंनी तो प्रयोग दोनदा करून घेतला होता आणि दोन्ही वेळा गुण आला होता म्हणे. त्यामुळे उपचार कसा असतो याचं चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं होतं: कुणीतरी एकदा जोर लावायचा, कट्कन आवाज व्हायचा आणि आपण उठून चालायला लागायचं.

अडचण

नऊ दिवस झाले तरी दुखणं उतरेना. दहापैकी सात, असं त्या सांगायच्या. पलंगावरून उठताना, कूस बदलताना आणि वाकून चप्पल घालताना जास्त. चालताना बरं वाटायचं. पायात कळ जात नव्हती. लेकीने पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी सुरू केली होती. शिवाय काकूंनी मिरजेहून आणलेला कमरपट्टा दिवसभर कसून बांधलेला.

घरात ताण होता तो वेगळाच. लेक आणि जावई दोघेही नोकरीला जाणारे, आणि नातवाला सांभाळायला म्हणून आलेली आजीच आडवी झालेली. "मी तुमच्यावर भार झाले" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकून लेक रडकुंडीला आली होती.

समोर कोणते पर्याय होते

मला फोन आला तो "तूच येऊन बघ ना" असा. मी नाही म्हटलं. मैत्रिणीच्या सोफ्यावर, नोंद न ठेवता, चहा पिता पिता केलेली तपासणी ही तपासणी नसते. माझा विमाही नोकरीपुरताच आहे. मैत्रीण थोडी दुखावली.

दुसरा पर्याय जीपीचा, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचा. पाहुणे म्हणून आलेल्यांनाही इथे जीपीकडे तात्पुरती नोंदणी करता येते आणि तिथली तपासणी मोफत असते. मात्र जीपीने पुढे हॉस्पिटलात पाठवलं तर पाहुण्यांना एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लागतं, ही धास्ती जावयाच्या मनात होती. शिवाय साध्या कंबरदुखीसाठी मिळालेली तारीख बारा दिवसांनंतरची. तातडीच्या विभागात जाण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तिसरा पर्याय ऑस्टिओपॅथचा, म्हणजे स्नायू आणि सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याचा. चिठ्ठी लागत नाही, दोन दिवसांत वेळ मिळते, पैसे खिशातून जातात. जावयाने विचारलं, "हे डॉक्टर असतात का?" प्रश्न रास्त होता, कारण उत्तर देशागणिक बदलतं. ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने १८७४ मध्ये मांडली आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल इथे तिची पहिली शाळा काढली. अमेरिकेत आज ऑस्टिओपॅथिक पदवीधर म्हणजे औषधं देणारा, शस्त्रक्रिया करणारा पूर्ण डॉक्टर. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ तसा नसतो. तो हाताने उपचार करतो, औषधं लिहून देत नाही. पण १९९३ च्या कायद्यानुसार जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर इथे कुणालाही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. ही नोंदणी कौन्सिलच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते. जावयाने ती तपासली आणि स्त्री ऑस्टिओपॅथ शोधून वेळ घेतली.

माझं मत विचाराल तर, हाताच्या उपचारांबद्दलचा पुरावा माफक आहे. इंग्लंडमधली नाइस ही संस्था उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवते. तिने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी असे उपचार चालतील म्हटलं, पण व्यायामाच्या जोडीने, एकटे नाहीत. त्याच कागदात कमरपट्टा देऊ नका असंही आहे. कवटीची हाडं हलकेच दाबून सगळ्या शरीराचा प्रवाह सुधारतो वगैरे जे काही ऑस्टिओपॅथ करतात, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तसं काही सुचवलं तर उठून यायचं, हे मी मैत्रिणीला आधीच सांगून ठेवलं. एवढं बोलून दुभाषी म्हणून जायला मात्र मी तयार झाले.

पहिली भेट: प्रश्न

पहिली भेट तासाभराची, फी ६० पौंड. त्यातली पहिली पंचवीस मिनिटं निव्वळ प्रश्नोत्तरांत गेली आणि काकूंचा चेहरा उतरत गेला. पायाळू माणूस प्रश्न विचारत नाही.

औषधं कोणती? "कसली नाहीत," काकू अभिमानाने म्हणाल्या. "बीपी नाही, शुगर नाही." मी तसंच इंग्रजीत सांगितलं.

मग आला तो प्रश्न. ऑस्टिओपॅथने तो सावकाश, तुकड्यातुकड्याने विचारला. दोन्ही मांड्यांच्या मध्ये, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा आहे का? लघवी सुरू व्हायला त्रास होतो का, किंवा झालेली कळत नाही असं होतं का? शौचावरचा ताबा सुटलाय का? दोन्ही पायांत मुंग्या, अशक्तपणा?

मी काकूंकडे वळले आणि म्हटलं, "काकू, खाली काही त्रास नाही ना?"

"नाही गं."

"नो," मी म्हटलं.

ऑस्टिओपॅथने पेन खाली ठेवलं. माझा प्रश्न यापेक्षा बराच लांब होता, असं ती हसून, पण स्पष्ट म्हणाली.

हे प्रश्न मी स्वतः रोज आठ-दहा जणांना विचारते. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा गुच्छ असतो. तो दाबला गेला तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. उशीर झाला तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे सगळं मला पाठ आहे, पण इंग्रजीत. मैत्रिणीच्या आईला, शाळेच्या मुख्याध्यापिकेला, मराठीत 'लघवी' आणि 'मांड्यांच्या मध्ये' म्हणताना माझी जीभ वळली नाही. शिवाय मी प्रश्नातच उत्तर घालून टाकलं होतं. 'नाही ना?' विचारल्यावर आपल्याकडे कोण 'आहे' म्हणतं?

मी पुन्हा, एकेक तुकडा घेऊन विचारलं. काकू आधी लाजल्या, मग मोकळ्या झाल्या. बधिरपणा नव्हता. रात्री दोनदा उठावं लागतं, पण ते दहा वर्षांपासून आणि त्यात काही बदल नव्हता. उत्तर शेवटी 'नाही'च निघालं, पण मघाचं 'नाही' आणि हे 'नाही' यात फरक होता.

पहिली भेट: कपडे, तपासणी आणि संमती

इथे तपासणीसाठी अंतर्वस्त्रांपर्यंत कपडे काढायला सांगण्याची पद्धत आहे. लेकीने आईला पंजाबी ड्रेस घालून आणलं होतं. कुर्ता काढायचा म्हटल्यावर काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ऑस्टिओपॅथने घाई केली नाही. पाठीकडून उघडा गाऊन, वर टॉवेल, लेकीने खोलीतच थांबायचं, आणि नको वाटलं तर कपड्यांवरूनच काय जमेल ते बघू, असं तिने सुचवलं. काकूंनी गाऊन पत्करला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "साडी नेसले असते तर एवढं नाटक झालंच नसतं." पुढच्या तिन्ही भेटींना त्या साडीत आल्या. पोलकं आणि परकर यांच्यामधली कंबर जशी हवी तशी मोकळी मिळाली. साडी उपचाराला इतकी सोयीची आहे हे इतकी वर्षं या धंद्यात असून मला सुचलं नव्हतं.

उभं राहून वाकणं, वळणं, पाय सरळ उचलणं, गुडघ्या-घोट्यावर हातोडीने ठोकणं हे सगळं ठीक निघालं. मणक्यावर एकेक करत बोटाने ठोकलं, तिथे दुखलं नाही. दुखत होते ते कमरेच्या उजव्या बाजूचे स्नायू.

मग तिने योजना सांगितली. स्नायू मोकळे करायचे, सांधे हलक्या लयीत हलवायचे, आणि हवं असेल तर कुशीवर झोपवून कमरेला एक झटपट छोटा झटका द्यायचा. त्याने आवाज येऊ शकतो. त्यानंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, थकवा येतो, हे नेहमीचं. गंभीर इजा क्वचित होते, पण मानेला झटके देताना फार दुर्मीळपणे पक्षाघातही झालेला आहे. इथे मान नव्हती, तरी तिने ते सांगितलं. काकूंनी मन लावून ऐकलं ते फक्त 'झटका'. लगेच सही केली.

निर्णयाचा क्षण: झटका द्यायचा की नाही

काकू डाव्या कुशीवर झोपल्या. ऑस्टिओपॅथने त्यांचा उजवा हात पुढे घेतला आणि गाऊनची बाही वर सरकली. मनगटाच्या वर जांभळट डाग होते. चार-पाच, नाण्याएवढे. कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ.

"हे काय?"

"काही नाही, बांगडी लागते."

तिने हात तसाच धरून ठेवला आणि पुन्हा विचारलं, कोणतंही औषध, कधीही, अगदी थंडीपुरतंसुद्धा? तेव्हा लेकीने आईची पर्स उघडली. आत एका प्लॅस्टिकच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. काकूंना दमा आहे. श्वासातून ओढायचा पंप गावातल्या डॉक्टरांनी सुचवला होता, पण 'पंपाची सवय लागते' म्हणून काकूंनी तो घेतला नाही. सहा वर्षं दर थंडीत तीन-चार महिने त्या रोज गोळी घेत होत्या. "ते कुठे औषध? ती दम्याची गोळी."

तीन महिन्यांहून जास्त काळ पोटातून स्टेरॉइड गेलं की हाडं ठिसूळ झालीत का याचा विचार करावाच लागतो. प्रश्न पुन्हा सुरू झाले. हाड कधी मोडलं होतं का? दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून मनगट. उंची कमी झालीय? याचं उत्तर काकूंना माहीत नव्हतं, पण लेक म्हणाली, "आई, तुझे परकर लोळायला लागले म्हणून तू सगळे वर घेऊन शिवले नाहीस का?"

ऑस्टिओपॅथ दोन पावलं मागे सरकली. झटका देणार नाही, असं तिने सांगितलं. सही झालेली असली तरी ती सही या माहितीच्या आधीची होती.

उरलेली वीस मिनिटं तिने तळहाताने स्नायू दाबत-सोडत, पाय हलकेच झुलवत काम केलं. काकूंनी गुडघा तिच्या हाताविरुद्ध पाच मोजेपर्यंत अलगद ढकलायचा, मग सैल सोडायचा. काकू माझ्याकडे मान वळवून कुजबुजल्या, "अगं, ही नुसती चोळतेय. साठ पौंड दिले आणि आवाज एकही नाही."

हे भाषांतर करायचं का? मी केलं. मघाची चूक ताजी होती. ऑस्टिओपॅथ मनापासून हसली. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो, आणि आवाज न येताही दुखणं कमी होतं, असं तिने समजावलं. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटांचे सांधे ओढताना एमआरआयने हे टिपलं गेलं आहे, ही भर मी घातली. काकूंचं समाधान झालं नाही.

पुढे काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "आई म्हणते वाढलंय." अंग ठणकत होतं, पण जागा तीच होती, पायात काही नव्हतं, लघवी नेहमीसारखी. हे सगळं मी या वेळी पूर्ण मराठीत विचारलं. दुपारपर्यंत ठणका उतरला.

ऑस्टिओपॅथने जीपीला पत्र लिहिलं: स्टेरॉइड, जुनं फ्रॅक्चर, कमी झालेली उंची. त्या पत्रामुळे बारा दिवसांची तारीख तीन दिवसांवर आली. जीपीने मणक्याचा एक्स-रे हवाच म्हटलं आणि घरच्यांनी तो खासगीत काढून घेतला. पाठीच्या बाराव्या मणक्याची पुढची कड पाचरीसारखी दबलेली निघाली. दुखत होतं ती जागा तिच्या बरीच खाली.

इथे दुसरा कठीण निर्णय होता. हे फ्रॅक्चर जुनं की ताजं, हे एक्स-रेवरून खात्रीने सांगता येत नाही. एमआरआयने कळलं असतं. जीपीचं म्हणणं असं की त्या मणक्यावर ठोकल्यावर दुखत नाही, दुखणं उतरतंय, आणि अहवाल काहीही आला तरी आत्ताचे उपचार तेच राहतील. एमआरआय केला नाही. मला अजूनही वाटतं, करायला हवा होता. ऑस्टिओपॅथला तसं वाटत नाही. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

गोळ्या एकदम बंद करू नका, हे जीपीने काकूंना दोनदा बजावलं. हे महत्त्वाचं, कारण काकू त्याच रात्री त्या कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकाएकी थांबवलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवू शकत नाही आणि माणूस कोसळू शकतो.

ऑस्टिओपॅथने सुरुवातीलाच सांगितलं होतं, चार भेटी, आणि तिसरीपर्यंत फरक नसेल तर थांबून दुसरा विचार. पुढच्या तीन भेटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या, प्रत्येकी ४५ पौंड. त्यात हाताचं काम कमी होत गेलं आणि व्यायाम वाढत गेला. कमरपट्टा सुटला. थेम्सच्या काठाने दहा मिनिटं चालणं वाढवत चाळीसवर नेलं. नातवाला उचलायची रीत बदलली: त्याने आधी सोफ्यावर चढायचं, मग आजीने घ्यायचं. सर्वात मोठी लढाई झाली सूर्यनमस्कारांवरून. काकू रोज बारा घालायच्या. मणका आधीच दबलेला असताना पूर्ण पुढे वाकणं टाळायला हवं होतं. "तीस वर्षं घालतेय," काकू म्हणाल्या. शेवटी भुजंगासनासारखे मागे झुकण्याचे हलके प्रकार आणि भिंतीला टेकून उठाबशा यावर तह झाला.

निष्पत्ती

पाचव्या आठवड्यात दुखणं सातवरून दोनवर आलं. याचं श्रेय उपचाराला किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर ठरवता येत नाही. अशी बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपसूकही निवते. १९५ पौंडांत काय मिळालं म्हणाल, तर कुणीतरी एक तास काकूंच्या अंगाकडे नीट बघितलं. गेल्या सहा वर्षांत ते कुणी केलं नव्हतं, आणि त्यात मैत्रिणीच्या घरी तीनदा जेवून गेलेली मीही आले.

मिरजेला परतल्यावर हाडांच्या घनतेची तपासणी झाली. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्यावरची औषधं सुरू झाली. छातीच्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत पंप सुरू केला. पंपाचं औषध थेट फुफ्फुसात जातं आणि त्याचा डोस गोळीच्या मानाने फार कमी असतो, हे काकूंना आता पटलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

'औषधं कोणती?' हा प्रश्न मराठी माणसाला मी आता विचारतच नाही. पर्स आणा, डबा आणा, त्यात असेल ते सगळं टेबलावर ओता, असं सांगते. दम्याची गोळी, झोपेची अर्धी, गुडघ्याचा काढा यातलं काहीच आपल्याकडे 'औषधं' या शब्दात येत नाही. औषध म्हणजे बीपी आणि शुगर.

मी दुभाषी म्हणून जायलाच नको होतं. फोनवरून मिळणारा परका दुभाषी बरा. त्याला काकूंची लाज वाटली नसती आणि काकूंनाही त्याची. उंचीचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा होता. तो हातावरच्या डागांमुळे आला, आणि बाही घट्ट असती तर कदाचित आलाच नसता. ऑस्टिओपॅथनेही नंतर हे कबूल केलं. तिच्या छापील फॉर्मवर आता उंची आणि स्टेरॉइड असे दोन वेगळे रकाने आहेत.

काकूंची निराशा मात्र आम्ही दोघींनी नीट हाताळली नाही. आवाज का नाही, हे तिने सांगितलं आणि मी वर संशोधन जोडलं. पण त्यांना त्या आवाजाची आस का आहे, हे आम्ही विचारलंच नाही. पायाळूची गोष्ट मला कळली ती चौथ्या भेटीनंतर, गाडीत.

परवा मैत्रिणीने सांगितलं, मिरजेत काकूंची कंबर पुन्हा थोडी धरली होती. नणंदबाई आपला पायाळू पुतण्या घेऊन हजर झाल्या. काकूंनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि कपाटातून एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. "हा बघ बारावा. आता तूच सांग, लाथ कुठे मारतोस?"